वडिलांची ‘डोक्याची गोळी’ एकदम बंद केली : एस्सिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम यांच्याविषयी सविस्तर

प्रश्न थोडक्यात असा: वडील ६७ वर्षांचे, एसटीतून निवृत्त झालेले. आई गेल्यानंतर कित्येक महिने ते गप्प गप्प होते. जेवण तुटलं, वजन उतरलं, पहाटे तीनला जाग यायची आणि ‘माझ्यामुळेच ती गेली’ असं सारखं म्हणायचे. डॉक्टरांनी रात्री घ्यायला एक गोळी दिली, तिच्यात एस्सिटालोप्राम १० मिलिग्रॅम आणि क्लोनाझेपाम ०.५ मिलिग्रॅम आहे. पहिल्याच रात्री झोप लागली, दीड महिन्यात ते बरेच सावरले. मग कोणीतरी सांगितलं, ‘या डोक्याच्या गोळ्या आहेत, सवय लागते’, आणि त्यांनी गोळी एकदम बंद केली. आज पाचवा दिवस. झोप नाही, चक्कर येते, हात थरथरतात, मान वळवली की डोक्यात करंट लागल्यासारखं होतं. बीपीसाठी टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड एकत्र असलेली गोळी आणि ॲस्पिरिन ७५ रोज चालू आहे. गुडघा दुखला की मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणतात. बीपीमुळे जेवण जवळजवळ अळणी. मुलगी विचारते: खरंच सवय लागली का? गोळी पुन्हा सुरू करायची का? आणि या गोळीचे धोके काय?

आधी तातडीचं सांगतो. ज्या डॉक्टरांनी गोळी लिहून दिली त्यांना आजच फोन करा आणि ‘पाच दिवसांपूर्वी एकदम बंद केली’ हे स्पष्ट शब्दांत सांगा. बहुतेक वेळा अशा परिस्थितीत औषध परत सुरू करून नंतर हळूहळू कमी केलं जातं, पण वडिलांचं वय आणि बाकीची औषधं पाहता हा निर्णय तपासणीनंतर त्यांनीच घ्यावा. त्याबरोबर रक्तातल्या सोडियमची तपासणी करून घ्या. त्याचं कारण पुढे येईलच. वडील गोंधळल्यासारखे वागू लागले, दिवस-वार विसरले, तोल जाऊन पडले किंवा आकडीचा (फिटचा) झटका आला, तर फोनची वाट न पाहता थेट मोठ्या रुग्णालयात न्या. क्लोनाझेपाम एकदम थांबवल्यावर झटका येणं या मात्रेत क्वचितच घडतं, पण घडू शकतं.

आता मूळ प्रश्न. तुमच्या वडिलांच्या गोळीत दोन औषधं आहेत आणि त्या दोघांचे स्वभाव एकमेकांपासून फार वेगळे आहेत. एकाचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि ते महिनोनमहिने घ्यावं लागतं. दुसऱ्याचा गुण तासाभरात दिसतो आणि ते काही आठवड्यांतच थांबवायला हवं. हे दोन्ही एकाच गोळीत कोंबले की रुग्णाला कोणतं औषध काय करतंय ते कळतच नाही. माझ्याकडे येणाऱ्या कुटुंबांमध्ये नैराश्याच्या औषधांबद्दल जेवढे गैरसमज दिसतात, त्यातले निम्मे तरी या जोडगोळीतून जन्मलेले असतात असं माझं मत झालं आहे. भारतात ही जोडगोळी अनेक कंपन्यांच्या नावाने सर्रास मिळते. पाकिटावर मोठ्या अक्षरातलं नाव वाचून काही समजत नाही. त्याखालच्या बारीक अक्षरांत औषधांची खरी नावं असतात, ती वाचायची सवय लावून घ्या.

पहिलं औषध एस्सिटालोप्राम. नैराश्यावरचं मुख्य औषध हेच. मेंदूतल्या पेशी एकमेकींशी संपर्क साधताना सेरोटोनिन नावाचं रसायन सोडतात आणि काम झालं की ते परत आत ओढून घेतात. ही परत ओढण्याची क्रिया एस्सिटालोप्राम अडवतं. याच गटात फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, पॅरोक्सेटिन येतात. फ्लुओक्सेटिनला अमेरिकेत १९८७ मध्ये मान्यता मिळाली आणि तेव्हापासून हा गट जगभर नैराश्यावरचा पहिला पर्याय बनला. त्याआधीची इमिप्रामिनसारखी जुनी औषधं गुणाला कमी नव्हती, पण त्यांचा अतिरेकी डोस हृदयाला फार घातक ठरायचा. एस्सिटालोप्रामचं थोरलं भावंड म्हणजे सिटालोप्राम. त्यात उजव्या-डाव्या हातमोज्यांसारखे दोन आरशातले रेणू मिसळलेले असतात आणि काम मुख्यतः एकच करतो. डेन्मार्कच्या लुंडबेक कंपनीने तो कामाचा रेणू वेगळा काढला, आणि २००२ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली.

‘मेंदूत सेरोटोनिन कमी पडलं म्हणून नैराश्य आलं आणि गोळीने ते भरून निघालं’ हे स्पष्टीकरण तुम्हाला कोणी दिलं असेल तर ते फार ढोबळ आहे. सेरोटोनिनचं परत ओढलं जाणं पहिल्या दिवसापासूनच कमी होतं, पण मनावरचं ओझं उतरायला दोन ते चार आठवडे लागतात आणि पूर्ण परिणाम दिसायला सहा-आठ आठवडे. म्हणजे मधल्या काळात मेंदूत बरेच सावकाश बदल होत असतात. ते नेमके कोणते, यावर अजून संशोधन चालू आहे. औषधाचा उपयोग होतो की नाही, हा प्रश्न मात्र वेगळा आहे आणि त्याचं उत्तर बऱ्यापैकी पक्कं आहे. २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात नैराश्यावरच्या २१ औषधांच्या ५२२ चाचण्यांचा एकत्रित आढावा आला. त्यात १ लाख १६ हजारांहून अधिक रुग्ण होते. सगळीच औषधं खोट्या गोळीपेक्षा, म्हणजे तुलनेसाठी दिलेल्या औषध नसलेल्या गोळीपेक्षा, सरस ठरली, पण फरक सरासरीने मध्यमच होता. एस्सिटालोप्राम गुणाला चांगलं आणि रुग्णांना सोसायलाही तुलनेने सोपं, अशा औषधांत गणलं गेलं. दुसरीकडे, अमेरिकेत सिटालोप्राम पहिलं औषध म्हणून देऊन केलेल्या एका मोठ्या अभ्यासात साधारण एक तृतीयांश रुग्णांचीच लक्षणं पहिल्या औषधाने पूर्ण गेली. बाकीच्यांना मात्रा वाढवावी लागली, औषध बदलावं लागलं किंवा जोड द्यावी लागली. वडिलांना पहिल्याच औषधाने दीड महिन्यात उतार पडला, ही जमेची बाजू आहे. म्हणूनच ते अर्ध्यावर सोडू नये असं मला मनापासून वाटतं.

हे औषध मुख्यतः नैराश्यासाठी आणि सततच्या चिंतेच्या विकारासाठी दिलं जातं. एकदम जीव घाबरा होऊन ‘आता मी मरतो’ असं वाटायला लावणारा पॅनिक विकार, चारचौघांत बोलण्याची टोकाची भीती आणि मंत्रचळ यांतही त्याचा उपयोग होतो. आपल्याकडे अनेकांना छातीत धडधड किंवा पोटातली वायूची तक्रार घेऊन गेल्यावर फॅमिली डॉक्टर हे औषध देतात, पण कशासाठी ते सांगत नाहीत. महिन्याभराने कोणीतरी इंटरनेटवर नाव शोधतं आणि घरात गोंधळ उडतो. औषध कदाचित योग्यच असतं, न सांगणं चुकीचं असतं. शोक हा आजार नाही आणि जोडीदार गेल्याच्या दुःखावर ही गोळी उतारा नाही, हेही तितकंच खरं. पण महिने उलटूनही जेवण न जाणं, वजन उतरणं, पहाटेची जाग, स्वतःला दोष देत राहणं, हे तुम्ही वर्णन केलेलं चित्र शोकाच्या पलीकडे गेलेलं आहे. डॉक्टरांनी औषध सुरू केलं यात मला वावगं दिसत नाही.

दुसरं औषध क्लोनाझेपाम. ते झोपेच्या आणि चिंताशामक गोळ्यांच्या गटातलं, अल्प्राझोलाम आणि डायझेपामच्या नात्यातलं. पहिल्या रात्रीची झोप याच्यामुळे लागली. एस्सिटालोप्राम सुरू झाल्यावर पहिले काही दिवस उलट अस्वस्थता वाढू शकते, त्या काळात टेकू म्हणून हे थोड्या दिवसांसाठी देण्यात काही गैर नाही. मीही देतो. पण दोन ते चार आठवड्यांत ते उतरवायचं असतं. जास्त काळ घेतलं तर शरीर त्यावर विसंबू लागतं, तोच परिणाम मिळवायला मात्रा वाढवावीशी वाटते आणि थांबवलं की झोप उडते, हात थरथरतात. ६५ च्या पुढच्या माणसांत हा गट आणखी जपून वापरावा लागतो, कारण रात्री लघवीला उठताना तोल जातो आणि पडून खुब्याचं हाड मोडण्याचा धोका वाढतो. विसरभोळेपणाही वाढतो, आणि घरच्यांना वाटतं की हे वयामुळेच.

म्हणजे ‘सवय लागते’ हे शेजाऱ्यांचं म्हणणं गोळीतल्या अर्ध्या भागाबद्दल बरोबर आहे. दुर्दैवाने त्याची बदनामी सगळी एस्सिटालोप्रामच्या वाट्याला येते. एस्सिटालोप्रामने व्यसन लागत नाही. त्याची ओढ लागत नाही, मात्रा वाढवत न्यावीशी वाटत नाही, त्याने नशा येत नाही. पण ते एकदम थांबवलं तर त्रास होऊ शकतो हे खरं आहे. डोक्यात करंट लागल्यासारखं होणं, चक्कर, मळमळ, चिडचिड, विचित्र स्पष्ट स्वप्नं ही त्याची ठरलेली लक्षणं. ती साधारण दोन-चार दिवसांत सुरू होतात. तुमच्या वडिलांच्या डोक्यातला करंट मला एस्सिटालोप्राम थांबल्याचा वाटतो. थरथर आणि उडालेली झोप यांत क्लोनाझेपामचा वाटा असावा. ही लक्षणं म्हणजे आजार परतला असं लगेच समजू नका. आजार परततो तो सहसा आठवड्यांनी, हळूहळू आणि जुन्याच तक्रारी घेऊन: पुन्हा भूक मंदावते, पुन्हा पहाटेची जाग, पुन्हा तेच दोषाचे विचार. औषध थांबल्याची लक्षणं दिवसांत येतात आणि त्यांत पूर्वी कधी नसलेल्या शारीरिक तक्रारी असतात.

यातून मार्ग काय, तर डॉक्टरांना विचारा की ही जोडगोळी सोडवून दोन्ही औषधं वेगवेगळी लिहून देता येतील का. साधी एस्सिटालोप्रामची गोळी वेगळी, क्लोनाझेपाम वेगळं. मग एस्सिटालोप्राम जागच्या जागी ठेवून क्लोनाझेपाम काही आठवड्यांत ०.२५ आणि पुढे शून्यावर आणता येतं. जोडगोळी अर्धी तोडून कमी केली तर दोन्ही औषधं एकाच वेळी कमी होतात आणि नेमका त्रास कशाने होतोय ते कुणालाच सांगता येत नाही. बरेच रुग्ण ‘डॉक्टरांनी दिलंय तसंच चालू आहे’ म्हणत तीन-तीन वर्षं जोडगोळी घेत राहतात, तीच चिठ्ठी मेडिकलमध्ये पुन्हा पुन्हा दाखवतात. हे थांबायला हवं. साधं एस्सिटालोप्राम जनऔषधी केंद्रातही स्वस्तात मिळतं, त्यामुळे वेगळं घेतल्याने खर्च वाढेल ही भीती नको.

आता दुष्परिणाम. पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत मळमळ, डोकेदुखी, तोंड कोरडं पडणं, घाम, सैल शौच, वारंवार जांभया येणं हे होऊ शकतं. यातलं बहुतेक आपोआप ओसरतं. जेवणानंतर घेतलं तर मळमळ कमी जाणवते, पण औषधाच्या गुणासाठी जेवणाची अट नाही, त्यामुळे एकादशीच्या उपवासाला गोळी चुकवण्याचं काही कारण नाही. कुणाची झोप उडते, कुणाला सुस्ती येते. झोप उडत असेल तर गोळी सकाळी घ्यावी, सुस्ती येत असेल तर रात्री. शरीरातली औषधाची पातळी निम्म्यावर यायला साधारण २७ ते ३२ तास लागतात, वयस्कांत त्याहून जास्त, म्हणून दिवसातून एकदाच पुरतं. एखादा डोस चुकला तर आठवल्यावर घ्या, पण पुढच्या डोसची वेळ जवळ आली असेल तर चुकलेला सोडून द्या. दोन एकत्र घेऊ नका.

एका दुष्परिणामाबद्दल रुग्ण बोलत नाहीत आणि डॉक्टरही घाईत विचारत नाहीत. तो म्हणजे लैंगिक इच्छा कमी होणं, पुरुषांत वीर्यस्खलनाला फार उशीर लागणं, स्त्रियांत तृप्ती न येणं. हे बऱ्याच जणांना होतं, आणि तरुण जोडप्यांमध्ये गोळी गुपचूप सोडून देण्याचं हेच मोठं कारण असतं. त्यावर उपाय आहेत: मात्रा कमी करणं, हा त्रास कमी असणाऱ्या बुप्रोपिऑन किंवा मिर्टाझापिनसारख्या औषधावर जाणं. पण ते सांगितल्याशिवाय होत नाही. हे वाचणाऱ्यांमध्ये कुणाला असा त्रास असेल तर डॉक्टरांना सरळ शब्दांत सांगा, त्यांच्यासाठी हा रोजचा विषय आहे. काहींना मन बधिर झाल्यासारखंही वाटतं, रडू येत नाही तसं हसूही येत नाही. तेही सांगण्यासारखं लक्षण आहे. बहुधा मात्रा जास्त झालेली असते.

तुमच्या वडिलांच्या बाबतीत मला सर्वात जास्त काळजी आहे ती सोडियमची. या गटातली औषधं, विशेषतः वयस्क माणसांत, रक्तातलं सोडियम खाली आणू शकतात. हायड्रोक्लोरोथायझाइड हे बीपीचं औषध लघवीवाटे सोडियम बाहेर टाकतं. दोन्ही एकत्र आली की धोका वाढतो, आणि त्यात जेवण अळणी. मार्च ते मेमध्ये घामाची भर. सोडियम उतरलं की माणूस मलूल होतो, चक्कर येते, तोल जातो, बोलण्यात गोंधळ होतो, आणि फार उतरलं तर झटके येतात, शुद्ध हरपते. ‘म्हातारपण’ किंवा ‘गोळीची गुंगी’ म्हणून हे सहज दुर्लक्षिलं जातं. म्हणून मी साठीपुढच्या प्रत्येक रुग्णात औषध सुरू करताना आणि त्यानंतर दोन ते चार आठवड्यांनी सोडियम तपासतो. तपासणी साधी आणि स्वस्त आहे, तालुक्याच्या ठिकाणीही होते. वडिलांचा आकडा कमी आला तर बीपीची गोळी बदलायची की एस्सिटालोप्राम, हे त्यांच्या दोन्ही डॉक्टरांनी एकमेकांशी बोलून ठरवावं. मीठ मनाने वाढवू नका. सैंधव मीठ घेतलं तर चालेल का, असंही लोक विचारतात. सैंधवातही मुख्यतः सोडियम क्लोराइडच असतं, त्यामुळे बीपीच्या दृष्टीने ते काही वेगळं नाही.

दुसरी काळजी रक्तस्रावाची. सेरोटोनिनचं रक्त गोठण्यातही काम असतं. एस्सिटालोप्राम एकटं असताना धोका लहान असतो, पण सोबत रोजचं ॲस्पिरिन आणि गुडघ्यासाठी आणलेली डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन किंवा ॲसिक्लोफिनॅकसारखी गोळी आली की पोटातून रक्त जाण्याची शक्यता बरीच वाढते. ॲस्पिरिन हृदयासाठी असेल तर ते मनाने थांबवायचं नाही. मेडिकलमधून आणायची दुखण्याची गोळी मात्र बंद करा. गुडघ्यासाठी पॅरासिटामॉल आणि शेक यांनी भागतं का पाहा, नाही तर हाडांच्या डॉक्टरांकडे जाताना ही सगळी औषधं सांगा. शौच डांबरासारखी काळी आणि चिकट झाली तर लगेच डॉक्टर गाठा. लोहाच्या गोळ्यांनीही रंग काळा होतो, पण तो फरक ओळखण्याचं काम डॉक्टरांवर सोपवा.

दुखण्याच्या गोळ्यांमध्ये ट्रॅमाडॉल नावाकडे खास लक्ष ठेवा. पॅरासिटामॉलबरोबर मिसळून ते आपल्याकडे पाठदुखी, गुडघेदुखीला सहज लिहिलं जातं. ते एस्सिटालोप्रामबरोबर घेतलं तर सेरोटोनिनचा अतिरेक होऊ शकतो: कमालीची अस्वस्थता, थरथर, स्नायूंना झटके, घाम, ताप, जुलाब. हे काही तासांत चढतं आणि जिवावर बेतू शकतं. कोरड्या खोकल्याच्या काही औषधांतलं डेक्स्ट्रोमेथॉर्फन आणि औषधांना दाद न देणाऱ्या क्षयात दिलं जाणारं लिनेझोलिड यांचंही असंच. क्षयाचे उपचार चालू असणाऱ्यांनी तिथल्या डॉक्टरांना या गोळीबद्दल न चुकता सांगावं.

हृदयाच्या ठोक्यांचा मुद्दाही सांगायला हवा. मात्रा जसजशी वाढते तसा ईसीजीवर दिसणारा क्यूटी नावाचा काळ थोडा लांबतो, आणि फार लांबला तर ठोके धोकादायकरीत्या बिघडू शकतात. त्यामुळेच ब्रिटनच्या औषध नियामकाने २०११ मध्ये ६५ वर्षांवरच्या रुग्णांसाठी या औषधाची दिवसाची कमाल मात्रा १० मिलिग्रॅमवर आणली. तरुण प्रौढांत ती २० आहे. म्हणजे वडील आधीच त्यांच्या वयाच्या वरच्या टोकावर आहेत. ‘अजून थोडं उदास वाटतंय’ म्हणून मनाने दोन गोळ्या घेण्याचा प्रश्नच येत नाही. वयस्कांत सुरुवात सहसा ५ ने केली जाते. ॲसिडिटीसाठी लिहिल्या जाणाऱ्या जोडगोळ्यांत डॉमपेरिडॉन असतं, उलटीसाठी ऑन्डान्सेट्रॉन देतात, घशासाठी ॲझिथ्रोमायसिन. ही तिन्ही औषधंही क्यूटी लांबवतात. ओमेप्राझोल आणि इसोमेप्राझोल हे एस्सिटालोप्राम यकृतात मोडणारं विकर (एन्झाइम) मंदावतात आणि रक्तातली पातळी वाढवतात. काही माणसांत हे विकर जन्मतःच मंद असतं, आणि युरोपियनांपेक्षा आपल्याकडे अशी माणसं जास्त आहेत. म्हणून कुणाला १० मध्येच २० सारखा त्रास झाला तर तो ‘मनाचा खेळ’ म्हणून उडवून लावू नये. वडिलांचा एक साधा ईसीजी काढून ठेवावा असं मी सुचवेन.

दारूबद्दल तुम्ही विचारलं नाही, तरी सांगतो. क्लोनाझेपामबरोबर दारू म्हणजे श्वास मंदावण्यापर्यंतचा धोका. एस्सिटालोप्रामबरोबरही ती टाळावीच, कारण नैराश्य वाढवण्यात तिचा स्वतःचा वाटा असतो. गुंगी आहे तोवर दुचाकी नको. अश्वगंधा, ब्राह्मी किंवा इतर काढे चालू असतील तर तेही डॉक्टरांना सांगा. ‘आयुर्वेदिक आहे, त्याचं काय सांगायचं’ असं म्हणून ते लपवलं जातं.

औषध सुरू करण्याआधी एक प्रश्न प्रत्येक डॉक्टरने विचारायला हवा आणि कुटुंबाने त्याचं खरं उत्तर द्यायला हवं: पूर्वी कधी काही दिवस झोपेची गरजच वाटली नाही, अफाट उत्साह, भरमसाट बोलणं, पैशांची उधळपट्टी असा काळ येऊन गेला का? घराण्यात कुणाला तसा आजार होता का? असेल तर तो द्विध्रुवी विकार असू शकतो आणि नुसतं नैराश्याचं औषध दिल्याने माणूस उन्मादाकडे झुकू शकतो. थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ ही तपासणीही करून घ्यावी. विशेषतः पूर्ण शाकाहारी वयस्कांत बी-१२ ची कमतरता बरीच आढळते आणि तिची लक्षणं नैराश्यासारखीच दिसतात.

आत्महत्येच्या विचारांबद्दल उघड बोलूया. २००४ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने या औषधांच्या वेष्टनावर मुलं आणि किशोरवयीनांसाठी ठळक इशारा छापायला लावला, २००७ मध्ये तो २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांना लागू केला. सुरुवातीच्या आठवड्यांत या वयात आत्महत्येचे विचार किंचित वाढू शकतात, म्हणून तरुण मुलाला औषध सुरू झालं असेल तर पहिला महिना घरच्यांनी जवळून लक्ष ठेवावं. ६५ च्या पुढे त्याच आकडेवारीत धोका घटल्याचं दिसलं. तरी वडील एकटे राहत असतील तर गोळ्यांचा साठा त्यांच्याकडे ठेवू नका, आठवड्यापुरत्या द्या. ‘मरावंसं वाटतं का?’ असं विचारल्याने तो विचार कुणाच्या डोक्यात नव्याने येत नाही. शांतपणे विचारा. रात्री-अपरात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

गर्भवती किंवा बाळाला पाजणाऱ्या कुणी हे वाचत असेल तर एवढंच: गोळी घाबरून एकदम बंद करू नका, लगेच डॉक्टरांशी बोला. आईचं उपचाराविना राहिलेलं नैराश्य बाळालाही जड जातं, आणि नफा-तोटा प्रत्येकीसाठी वेगळा मोजावा लागतो.

औषध किती दिवस? पहिल्यांदाच नैराश्य आलेल्या माणसाला, पूर्ण बरं वाटू लागल्यानंतर, आणखी सहा ते नऊ महिने तरी तीच मात्रा चालू ठेवतात. वयस्कांत आजार परतण्याची शक्यता जास्त असल्याने मी वर्षभराकडे झुकतो. ज्यांना पूर्वी एक-दोनदा येऊन गेलं आहे त्यांना दोन वर्षं किंवा अधिक. वडिलांनी ज्या टप्प्यावर गोळी सोडली, तो बरं वाटू लागण्याचा टप्पा होता. तिथे सोडलं की आजार परतण्याचा धोका सर्वात जास्त असतो. थांबवायची वेळ येईल तेव्हा १० वरून ५, मग २.५ असं काही आठवडे किंवा महिने घेऊन उतरायचं. शेवटचा टप्पा सर्वात हळू, कारण ५ मिलिग्रॅममध्येही औषधाचा मेंदूतला परिणाम १० च्या निम्म्याहून बराच जास्त असतो आणि खरी उतरंड शेवटच्या थोड्या मिलिग्रॅममध्येच लागते. दिवाळी, लग्नकार्य, वर्षश्राद्ध अशा दिवसांच्या तोंडावर मी कुणाचं औषध कमी करत नाही. आईचं वर्षश्राद्ध जवळ आलं असेल तर ते डॉक्टरांना सांगा.

गोळीबरोबर बाकीचं आयुष्यही हलायला हवं. रोज सकाळी अर्धा तास चालणं, ठरल्या वेळी जेवण, जुन्या डेपोतल्या सहकाऱ्यांशी गाठभेट. जमल्यास समुपदेशकाकडे काही बैठका. शोकाबद्दल बोलायला घराबाहेरचं माणूस अनेकदा सोपं जातं. वडिलांच्या पिढीतल्या पुरुषांना बायको गेल्यावर स्वयंपाकघरातही परक्यासारखं वाटतं. त्यांना दोन साधे पदार्थ शिकवले तर जेवणही सुधारतं आणि दिवसाला आकार येतो, हे मी अनेक घरांत पाहिलं आहे.

डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या औषधांच्या पट्ट्या एका पिशवीत घालून न्या. बीपीची, ॲस्पिरिनची, ॲसिडिटीची, गुडघ्याची, खोकल्याची, आयुर्वेदिक, सगळ्या. आणि तीन गोष्टी कागदावर लिहून ठेवा: यातलं क्लोनाझेपाम कधी थांबणार, सोडियम आणि ईसीजी कधी करायचा, आणि एस्सिटालोप्राम किमान कधीपर्यंत चालणार. उत्तरं वडिलांच्या समोरच घ्या, म्हणजे पुढच्या वेळी कुणी ‘सवय लागते’ म्हणालं तर काय सांगायचं ते त्यांना स्वतःला माहीत असेल.